गोल गोल फिरायलंय

मुखेडात नेट बंद पडत नाही, फिरतं. बंद पडलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती, कारण बंद पडणाऱ्या गोष्टींचा आम्हाला सराव आहे. लाईट गेली की सगळी गल्ली ओट्यावर येते, ‘तुमच्याकडं बी गेली का?’ असं एकमेकांना विचारते आणि समोरच्याकडंही गेलेली आहे हे कळलं की समाधानानं आत जाते. अर्धवट चालणाऱ्या नेटात हे सुख नाही. तुमच्या पडद्यावर ते वर्तुळ गोल गोल फिरत असतं आणि त्याच वेळी शेजारच्या खिडकीतून, त्याच खांबावरून आलेल्या केबलवर, कुणाचं तरी कीर्तन एका ठिकाणीही न अडखळता ऐकू येत असतं. दुःख वाटून घ्यायला कुणी नसलं की ते दुप्पट होतं. नेटच्या बाबतीत तर लोक तुमच्याकडंच संशयानं बघतात.

माझं दुखणं याहून नाजूक होतं. घरात यूट्यूब धो धो चालायचं. गूगल उघडायचं, फेसबुक उघडायचं, सासूबाईंच्या मालिका रडण्याच्या प्रसंगातसुद्धा थांबायच्या नाहीत. उघडायचं नाही ते फक्त एक सरकारी पोर्टल. कुठलं ते सांगत नाही, माझं काम अजून तिथंच अडकलेलं आहे. तेही सरळ बंद असावं, तर तसंही नाही. कधी पान यायचं, कधी अर्धं यायचं, आणि बटण दाबलं की फिरायला लागायचं ते फिरायलाच.

“अहो, रिकामटेकड्या गोष्टी बऱ्या चालतात तुमच्या,” बायको म्हणाली. “कामाचंच तेवढं कसं फिरतं?”

नवऱ्याच्या स्वभावावरची टीका म्हणून हे वाक्य मी ऐकून घेतलं. ते नेटवर्किंगमधलं अचूक निदान होतं, हे फार पुढं कळलं.

लाईनवाल्या पोराला बोलावलं. तो आला, राऊटरकडं न बघता खिशातून मोबाईल काढला आणि स्पीड टेस्ट लावली. काटा सरसर चढत शंभरावर गेला.

“बघा सर. शंभर एमबीपीएस. लाईन ओके हाय.”

“पण पोर्टल उघडत नाही.”

“ते पोर्टलचा प्रॉब्लेम हाय.”

पोर्टलच्या हेल्पलाईनला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक बाई आल्या. “सर, पोर्टल चालू आहे. तुमच्या नेटचा प्रॉब्लेम आहे.”

दोन जबाबदार माणसं इतक्या आत्मविश्वासानं एकमेकांकडं बोट दाखवत असली की मधल्या माणसानं जेवून घ्यावं. मी जेवून घेतलं.

मग गावानं प्रकरण हातात घेतलं. आमच्याकडं नेटच्या कुठल्याही बिघाडाचा पहिला आरोपी जेसीबी. रस्ता खोदत असो वा नसो, ‘कुठंतरी जेसीबीनं केबल तोडली असंल’ हे वाक्य बोलल्याशिवाय चर्चेला तोंड फुटत नाही. केबल तुटली तर यूट्यूब कसं चालतं, असं मी विचारलं. “अर्धी तुटली असंल,” उत्तर आलं. ऑप्टिकल फायबर अर्धवट तुटून फक्त करमणूक तेवढी पलीकडं जाऊ देते, हा सिद्धांत चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत सर्वमान्य झाला.

शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, “पोर्टल रात्री दोनला उघडतं. दिवसा सगळा महाराष्ट्र त्याच्यावर बसलेला असतो.” मी रात्री दोनला बसलो. सगळा महाराष्ट्र माझ्यासारखाच गुरुजींच्या सल्ल्यानं रात्री दोनला बसलेला असावा. मोबाईल दुकानदारानं फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून काढायला लावला. मुखेडला रेल्वे नाही, तरी विमानाची ही एवढी सोय सगळ्यांच्या बोटांवर आहे. लाईनवाल्याला वेगळीच शंका होती. दसऱ्याला सासूबाईंनी शिलाई मशीन, सायकल आणि राऊटर यांची एकाच ताटातून पूजा केली होती. त्यातलं थोडं हळदकुंकू राऊटरच्या भोकांतून आत गेलं असावं, असं त्याचं म्हणणं पडलं. सासूबाईंनी ते फेटाळलं. “जावईबापू, शिलाई मशीन चालूच हाय की.”

शेवटी हिंजवडीतल्या भाच्याला फोन केला.

“मामा, आधी सांगा, तुम्हाला आयपी कुठला मिळालाय?”

“आयपी म्हणजे?”

“पत्ता. नेटवरचा पत्ता.”

“मुक्काम पोस्ट मुखेड, जिल्हा नांदेड.”

तिकडं थोडी शांतता पसरली. मग त्यानं मला कुठं काय दाबायचं ते सांगितलं आणि पडद्यावर माझे दोन पत्ते आले. एक आटोपशीर, चार आकड्यांचा, १०० पासून सुरू होणारा. दुसरा इतका लांब की वाचताना मधे श्वास घ्यावा लागला. त्यात आकडे होते, ए-बी-एफ अशी अक्षरं होती, आणि जिथं कंटाळा आला असेल तिथं दोन टिंबांच्या दोन जोड्या मारून पुढं गेलेले होते.

“मामा, हे व्ही-फोर आणि व्ही-सिक्सचं लफडं आहे,” तो म्हणाला. डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं की निम्मं बरं वाटतं. मला लगेच बरं वाटलं.

त्यानं सांगितलेली हकिकत अशी. १९७७ साली अमेरिकेत व्हिंट सर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढं प्रश्न आला की नेटवरचा पत्ता केवढा असावा. वादावादी झाली, एकमत होईना. शेवटी सर्फसाहेबांनी ठरवलं, ३२ बिट. प्रयोगच तर आहे, प्रयोगापुरतं पुष्कळ झालं. ३२ बिटांत ४२९ कोटी पत्ते बसतात. तेव्हा जगाची लोकसंख्याही त्याच घरात होती, म्हणजे माणशी एक पत्ता. आमच्या गल्लीच्याही वाट्याला थोडे आले असते, पण वाटप होताना आम्हाला कुणी बोलावलं नाही. सर्फ पुढं सांगत राहिले की तो प्रयोग कधी संपलाच नाही. प्रयोगाची ती आवृत्ती म्हणजे आयपीव्ही-फोर, आणि ३ फेब्रुवारी २०११ रोजी तिच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. त्याच एप्रिलात आशियाच्या वाट्याचाही तळ दिसला. आमचं गाव नेटवर यायची तयारी करत होतं तेव्हा पत्ते संपलेले होते. मराठवाड्याला यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

नवी आवृत्ती मात्र कधीच तयार होती. १९९८ साली आयपीव्ही-सिक्सचा मसुदा छापून आला. पाच नंबर एका प्रायोगिक पद्धतीला आधीच देऊन टाकलेला होता, म्हणून चाराच्या पुढं एकदम सहा. यात पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्ते किती, तर ३४ लिहून त्यावर ३७ शून्यं. गल्लीतल्या प्रत्येक चिमणीला, तिच्या प्रत्येक पिसाला पत्ता द्या, तरी उरतात. फक्त एक गोष्ट राहिली. चार आणि सहा यांचं एकमेकांशी बोलणं होत नाही. चारवाल्याला सहावाल्याचा एक शब्द कळत नाही. तेव्हा ठरलं की काही काळ दोन्ही शेजारी शेजारी चालवू, सगळे सहावर आले की चार बंद करू.

हे ठरलं तेव्हा भाचा जन्मला नव्हता. आता तो या बदलाच्या प्रकल्पात सीनियर आहे.

मधल्या काळात सगळ्यांनी आपापली तात्पुरती सोय करून घेतली. १९९४ साली एक युक्ती निघाली होती, तिचं नाव नॅट. ही अल्प मुदतीची सोय आहे, असं तिच्या जनकांनी मूळ टिपणातच लिहून ठेवलं होतं. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं वीस आणि पत्ता एकच असतो ना, तसं हे. पोस्टमन वाड्याच्या नावानं सगळी पत्रं टाकून जाणार, कुठलं कुणाचं ते मालकांनी बघायचं. पुढं कंपन्यांनी हाच उद्योग गावच्या गावं घेऊन सुरू केला. माझा तो १०० पासूनचा आटोपशीर पत्ता म्हणजे माझा नव्हेच, तो वाड्याच्या आतल्या खोलीचा नंबर. असे खोल्यांचे नंबर द्यायला २०१२ साली एक पट्टाच राखून ठेवलाय. बाहेरच्या जगाला दिसतो तो मालकाचा पत्ता, आणि त्याच्या मागं मुखेड, मुक्रमाबाद, बाऱ्हाळी असे आम्ही किती लोक राहतो ते मालकालाच ठाऊक.

वाड्यात राहण्याचे तोटेही तेच. त्या पत्त्यावरून कुणीतरी काहीतरी आगाऊपणा करतो आणि दमदाटी सगळ्या बिऱ्हाडांना होते. मी साधं गहू निवडायच्या चाळणीचा भाव बघायला जातो, तर पडद्यावर विचारणा होते की तुम्ही यंत्रमानव तर नाही ना? मग नऊ चित्रं येतात. यातले फायर हायड्रंट दाखवा! ही वस्तू मी आयुष्यात पाहिलेली नाही. अंदाजानं लाल दिसेल ते दाबत गेलो, तेव्हा आणखी नऊ चित्रं आली. बायकोनं मागून बघितलं आणि म्हणाली, “माणूस आहे हे सिद्ध करायला इतका वेळ लागतो तुम्हाला?”

आता यूट्यूब का पळतं ते समजलं. गूगल, फेसबुक या मंडळींनी केव्हाच सहा नंबर घेतलाय. त्यांच्याशी आमचं बोलणं त्या लांबलचक पत्त्यावरून थेट होतं, मधे मालक नाही. आणि यात भारत मागासलेला तर नाहीच, भलताच पुढं आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं ते सहा नंबर घेऊनच आलं. देशातल्या वापरकर्त्यांत सहावाल्यांचं प्रमाण गूगलच्या मोजणीत सत्तर टक्क्यांच्या आसपास दिसतं, जगाचं निम्म्याच्या जवळपास घोटाळतंय. जांबच्या रस्त्यावर शेळ्यांमागं चाललेल्या पोराच्या खिशात जो पत्ता आहे, तो युरोप-अमेरिकेतल्या कित्येक बड्या कचेऱ्यांना अजून मिळालेला नाही. हे मी त्या पोराला मुद्दाम थांबवून सांगितलं. त्यानं विचारलं, “मग सर, ह्याचे पैशे भेटतेत का?”

सरकारनंही कागदावर कसूर ठेवलेली नाही. दूरसंचार विभागानं जुलै २०१० मध्ये आराखडा काढला की सगळ्या केंद्रीय आणि राज्य खात्यांनी मार्च २०१२ पर्यंत सहा नंबर वापरायला लागावं. २०१३ मध्ये दुसरा आराखडा आला, त्यात डिसेंबर २०१७ ही तारीख पडली. २०२१ मध्ये पुन्हा पत्र निघालं, ३० जून २०२२ पर्यंत पूर्ण करा. तारखांची ही चाल मला अगदी ओळखीची वाटली. आमच्या एका वडिलोपार्जित दाव्यालाही अशाच पडतात. फरक इतकाच की तिथं दर तारखेला वकिलाला चहा पाजावा लागतो.

अशा तारखा डोक्यावर आल्या की काय होतं ते कुठल्याही कचेरीत बसलेल्याला सांगायला नको. कुणीतरी पोर्टलच्या नावापुढं सहा नंबरचा पत्ता नोंदवून टाकतो, ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा मारतो आणि दुपारी घरी जातो. त्या पत्त्यावर गेलेल्या माणसाचं पुढं काय होतं, हा रकाना नमुन्यात नसतो.

“पण चार नंबरनं जायचं की मग,” मी म्हणालो. “मला काही सहाचा हट्ट नाही.”

“तुम्हाला नाही, ब्राउझरला आहे,” भाचा म्हणाला. मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला कॉम्प्युटरबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. दोन्ही पत्ते असले तर यंत्र आधी नव्याला मान देतं, सहावर जाऊन दार वाजवतं. पूर्वी सहा नंबरचा रस्ता बिघडलेला असला तर ते वीस वीस सेकंद आणि त्याहूनही जास्त वेळ दारात उभं राहायचं, आणि मग कुठं चाराकडं वळायचं. माणसं तोवर शिव्या देऊन उठून जायची. म्हणून २०१२ साली अभियंत्यांनी ‘हॅपी आयबॉल्स’ नावाची रीत काढली. सहाला हाक मारायची, पटकन ओ आली नाही तर लगेच चारालाही हाक मारायची, जो आधी बोलेल त्याच्याशी व्यवहार करायचा. २०१७ च्या सुधारणेत ही वाट बघायची मुदत सुचवली आहे २५० मिलीसेकंद.

पाव सेकंद! तलाठ्याच्या दारात आम्ही कोतवालाची ओ येईपर्यंत पाव तास उभं राहतो आणि ती आली तर आनंद मानतो. पाव सेकंदाची अधीरता कायदेशीर करून घेणारे हे लोक कुठल्या गावचे असतील, याचा मी बराच वेळ विचार केला.

“मग एवढी सोय असताना माझं का फिरतं?”

“कारण तिकडून ओ येते, मामा. राम राम होतो. फक्त पुढचं काम होत नाही.”

हे मला ताबडतोब समजलं. तांत्रिक ज्ञान नसलं तरी सरकारी कचेऱ्यांचा अनुभव आहे.

तरी तपशील सांगतो, कारण तो सुंदर आहे. नेटवर माहिती पुडक्यांनी जाते आणि एक पुडकं साधारण १५०० बाइटचं असतं. वाटेत काही ठिकाणी रस्ता अरुंद होतो. आमच्यासारख्या जोडण्यांत आठ बाइट वरखर्चाला जातात आणि १४९२ च उरतात. सहाचं पुडकं चाराच्या पोटात घालून न्यायचं असेल तर आणखी वीस जातात. चार नंबरमध्ये मधला राऊटर मोठं पुडकं फोडून त्याचे दोन तुकडे करू शकायचा. सहामध्ये त्याचा हा अधिकार काढून घेतला. त्यानं पुडकं टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला निरोप धाडायचा, ‘तुमचं पुडकं मोठं आहे, लहान करून पाठवा.’ नियम शहाणपणाचा आहे. पण पाठवणाऱ्याच्या दारात एक सुरक्षाव्यवस्था बसवलेली असते, आणि बसवणाऱ्यानं कधीतरी कडक शिस्तीच्या उमाळ्यात ठरवलेलं असतं की बाहेरून येणारे असले फुटकळ निरोप आत सोडायचेच नाहीत. झालं. ‘राम राम’ची पुडकी छोटी, ती दोन्हीकडून सुखरूप पोचतात, म्हणून ब्राउझर समजतो की गाडी रुळावर आहे आणि चाराकडं वळत नाही. खरं काम मोठ्या पुडक्यांत असतं. ती निघतात, अरुंद जागी पडतात, निरोप दारात अडतो, पुन्हा तीच पुडकी निघतात. इकडं आपण वर्तुळाकडं बघत बसलेलो. ज्यांनी आपल्याला अर्जाचा फोटो ५० केबीच्या आत आणि सही २० केबीच्या आत बसवायला लावली, त्यांना स्वतःचं पुडकं आठ बाइटनं लहान करा हे सांगणारा कुणी नव्हता. खरं म्हणजे होता, त्याला आत सोडत नव्हते.

उपाय भाच्यानं सांगितला. राऊटरमध्ये सहा नंबरची खूण काढून टाका. काढली. पोर्टल मुकाट्यानं उघडलं. मी ओरडलो, सासूबाईंनी साखर ठेवली, आणि संध्याकाळपर्यंत आपल्या मालिकेवरून त्यांची कुरकुर सुरू झाली, कारण आता सगळं घर पुन्हा वाड्याच्या मालकामार्फत बोलायला लागलं होतं. बायकोला फायर हायड्रंटची चित्रं येऊ लागली. ती माझ्याइतकी शांत स्वभावाची नाही. शेवटी वाटाघाटी झाल्या. सकाळी कचेरीच्या वेळेत घरात चार नंबर, संध्याकाळी दिवेलागणीनंतर सहा. सुट्टीच्या दिवशी अखंड सहा. असा तह जगातल्या कुठल्या अभियंत्यानं सुचवला नसेल, पण आमच्याकडं निदान त्याची अंमलबजावणी झाली.

बातमी गल्लीत फुटायला वेळ लागला नाही. ‘सर सहा नंबर बंद करून देतेत’ हे ऐकून माणसं यायला लागली. ज्यांच्याकडं काहीच बिघाड नव्हता तेही आले, सहा नंबर आपल्याकडं आहे हे कळल्यापासून त्यांना झोप नव्हती. एकानं विचारलं, “सर, आमच्या फ्रीजचं बी बघता का?” एका आजींनी गुडघा पुढं केला. चौकातल्या एका पोरानं तर पन्नास रुपये घेऊन लोकांच्या मोबाईलमधला सहा नंबर काढून द्यायला सुरुवात केली. त्यातल्या काहींचं नेट साफ बंद पडलं, कारण त्यांच्या सिमवर सहाशिवाय दुसरं काही येतच नव्हतं. तो सहा परत बसवायचे वर आणखी पन्नास घेऊ लागला. गुरुजींचं मत निराळं. सात, आठ आणि नऊ हे नंबरही नव्वदीच्या दशकात निरनिराळ्या प्रस्तावांना देऊन ठेवलेले आहेत, असं मी बोलून गेलो होतो. ते म्हणाले, “मग सहाच्या भानगडीत पडायचं कामून? थेट नऊ घेऊन टाका.”

आणि माझा अर्ज? पोर्टल उघडलं त्या सकाळी मी निवांत बसून सगळा अर्ज नव्यानं भरला. फोटो ४९ केबी, सही १९. बटण दाबलं. वर्तुळ न फिरता लगेच उत्तर आलं, ‘या क्रमांकाचा अर्ज यापूर्वीच प्राप्त झालेला आहे.’ ‘माझे अर्ज’ या पानावर गेलो. यादी पडद्याखाली गेली. बोटानं सरकवत राहिलो, ती येतच राहिली. त्या सगळ्या रात्रींत मी जितक्या वेळा बटण दाबलं होतं, तितके अर्ज पोचलेले होते. माझं म्हणणं छोट्या पुडक्यांतून दर वेळी बिनबोभाट गेलं होतं. अडकली होती ती फक्त ‘मिळालं’ असं सांगणारी त्यांची मोठी पुडकी.

हेल्पलाईनला फोन लावला. सनई संपली.

“सर, एकाच व्यक्तीचे एवढे अर्ज असल्यामुळं सगळेच छाननीत थांबलेत. एक ठेवून बाकीचे रद्द करा.”

“कसे करायचे?”

“प्रत्येकासाठी वेगळा ऑनलाइन अर्ज आहे, सर. सोबत सगळ्या पावत्या जोडा. एकच पीडीएफ, १०० केबीच्या आत.”